फक्त आई चालत नाही

बुचॉन, ६ फेब्रुवारी

वन्संना सुनिमचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, घरात सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण हानसोल जवळ असला की फोनवर त्याचं नाव काढता येत नाही. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे त्याला लगेच कळतं आणि तो कपाळ भिंतीवर आपटायला लागतो. आणि तो जवळ नसतो तेव्हा मी दुसऱ्यांच्या घरी कामावर असते. म्हणून हा कागद.

नववर्षाला तुमच्याकडे पितरांची पूजा झाली, मी आत भांडी घासत होते आणि तुम्ही धाकट्या काकूंना म्हणालात, "सुनिमला आता काय कमी आहे? सरकार माणूस देतं सांभाळायला. तरी तोंड बघावं तर सुतक असल्यासारखं." मी ऐकलं. त्या दिवशी सुनेनं तोंड उघडायचं नसतं म्हणून गप्प बसले. आज बोलते.

सरकार माणूस देत नाही, वन्सं. सरकार तास देतं. महिन्याला इतके तास कुणीतरी घरी येऊन तुमच्या पोराला सांभाळेल आणि त्याचा पगार आम्ही देऊ, एवढंच. तो 'कुणीतरी' आपण शोधायचा. आठवड्याचं शिक्षण घेतलेलं कुणीही चालतं. बसस्टॉपवर भेटलेली अनोळखी बाई चालते. फक्त आई चालत नाही. त्याला एकोणतीस वर्षं भरवलं, धुतलं, त्याचे दात लागून माझ्या दंडावर वळ उठलेत, पण मी चालत नाही, कारण मी घरची.

बरं, बाहेरची येते का? एखाद्या शांत म्हातारीला बागेत फिरवून आणलं तरी पगार तोच आणि माझ्या दीडपट मोठ्या पोरामागे रस्त्यावर धावलं तरी तोच. मग आमच्याकडे कोण येईल? एक बाई आली, तिसऱ्या दिवशी हानसोलनं तिचे केस धरले. चौथ्या दिवशी तिनं फोन उचलला नाही. दुसरी म्हणाली, पोरगा गोड आहे हो, पण माझी कंबर. तिसऱ्या पोरानं दारातून बघितलं आणि चुकीच्या घरी आलो म्हणून परत गेला.

शेवटी समोरच्या इमारतीतल्या हेसुकनं तोडगा काढला. तिची मुलगी दाऊन चाकाच्या खुर्चीत असते, तिला गिळतानाही ठसका लागतो. हेसुकलाही स्वतःच्या लेकीसाठी पगार नाही. पण माझ्या लेकासाठी आहे, आणि मला तिच्या लेकीसाठी. म्हणून आम्ही दोघींनी शिक्षण घेतलं. आता रोज सकाळी मी माझ्या पोराला घरी ठेवून तिच्याकडे जाते, ती तिच्या पोरीला ठेवून माझ्याकडे येते. झेब्रा क्रॉसिंगवर आमची गाठ पडते. मी सांगते, त्यानं आज अंडं खाल्लं नाही. ती सांगते, दाऊनचा घसा खवखवतोय. मग त्या घरच्या हजेरीच्या यंत्राला कार्ड टेकवायचं, की मी कामाला लागले.

माझा लेक दुसरीच्या हातून जेवतो आणि तिची लेक माझ्या हातून. आपापल्या घरी राहून हेच केलं असतं तर सरकारचं काय बिघडलं असतं, हे तुम्ही मला सांगा. तुम्ही नगरपालिकेत नोकरी केलीत.

सुनिम

०

आंदोंग, १ मार्च

सुनिमला आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला म्हणून आणि दुसऱ्यांदा तो नीट यावा म्हणून.

मी काय म्हणाले ते मला आठवतंय, आणि ते भांड्यांच्या आवाजात ऐकू जाणार नाही असं मला वाटलं होतं. त्याबद्दल काही म्हणत नाही. पण नियमाला नावं ठेवू नकोस. आईबापांना पैसे द्यायला लागलं की काय होतं ते आम्ही कचेरीत बसून बघितलंय. माणसं पोरांना खोलीत कोंडतात आणि पगार खातात. सगळेच तसे नसतात, पण नियम काही सगळ्यांचे चेहरे बघून करता येत नाही. आणि तुम्ही दोघींनी ही अदलाबदल केलीय, ती मला काही सरळ वाटत नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर आपल्या घराण्याचं नाव जाईल. हानसोलचे बाबा असते तर त्यांना हे रुचलं नसतं.

आणखी एक. इथून तासाभरावर डोंगरात एक निवासगृह आहे. माझ्याबरोबर नोकरीत असलेले गृहस्थ तिथे संचालक आहेत. स्वच्छ हवा, वेळेवर जेवण, डॉक्टर. तू साठीला आलीस. तुझ्यामागे त्याचं काय, याचा विचार तू करणार नसशील तर मला करावा लागेल. रागावू नकोस, मी त्याची आत्या आहे.

धाकट्या काकूंकडून कळलं की तासांची फेरतपासणी आहे. तपासणीला माणूस येईल तेव्हा घर नीट आवरून ठेव. पोराला आंघोळ घालून इस्त्रीचा शर्ट घाल. फळं कापून समोर ठेव. सरकारी माणसाला घर बघितलं की कळतं, इथे लायक लोक राहतात, दिलेलं वाया जाणार नाही. ही नोकरीतली गोष्ट सांगतेय, विसरू नकोस. सोबत पर्सिमनची वाळवलेली फळं पाठवतेय, त्यातली चांगली पाहुण्यासाठी काढून ठेव.

जोंगनान

०

बुचॉन, १९ एप्रिल

वन्संना नमस्कार.

तुमच्यावर राग नाही असं लिहायला बसले होते. पण खोटं कशाला लिहू?

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. हेसुक आदल्या दिवशी ओरडत होती, अगं, आंघोळ घालू नकोस, नाश्ता उशिरा दे, त्याला चिडू दे. ती म्हणते, तपासणीच्या दिवशी मी दाऊनचे केससुद्धा विंचरत नाही. मला ते ऐकवेना. घरात पाहुणा यायचा आणि पोराला घाणेरडं बसवायचं, हे माझ्या हातून होत नाही. याआधीच्या तपासणीला तो तापात होता, अंगावर ओकला होता, तेव्हा तास भरपूर मिळाले होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तपासनीस म्हणजे एक तरुण मुलगी. नम्र होती. तिनं मांडीवर ते चपटं यंत्र ठेवलं आणि एकेक विचारायला लागली. शर्ट स्वतः घालतो का? मी म्हणाले, घालतो, बटणं शिकवायला चार वर्षं गेली. स्वतः जेवतो का? जेवतो, मी तुकडे करून दिले तर. बाहेर जातो का? जातो, मी हात धरला तर. तिनं प्रत्येक वेळी 'घालतो', 'जेवतो', 'जातो' एवढंच टिपलं, माझं 'तर' कुठे गेलं कोण जाणे.

आणि तेवढ्यात हानसोल उठला. बार्लीचा चहा पेल्यात ओतला आणि तिच्यासमोर वाकून दोन्ही हातांनी धरला, तुम्ही पूजेच्या वेळी शिकवता तसा. वर्षातून दोनदा करतो, तेही मनात आलं तर. त्या दिवशी त्याच्या मनात आलं. ती मुलगी म्हणाली, "किती छान वळण लावलंय हो तुम्ही." वन्सं, एकोणतीस वर्षांत माझ्या पोराला परक्या माणसानं छान म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी खुळ्यासारखी खूश झाले. तिला तुमचे पर्सिमन बांधून दिले. तिनं घेतले नाहीत, नियमात बसत नाही म्हणाली.

काल निकाल आला. तास निम्म्याहून खाली आले आहेत.

तपासणीच्या दिवशी ती मुलगी जाऊन अर्धा तास झाला नसेल, तेव्हा हानसोलनं काच फोडली, कारण इतका वेळ शहाण्यासारखं बसून तो थकला होता. ते बघायला कुणी नव्हतं. हेसुकचा पगार त्याच्या तासांतून निघतो. तो निम्मा झाला तर तिला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जावं लागेल. ती आली नाही तर मला हानसोलला सोडून निघता येणार नाही, म्हणजे दाऊनकडे कोण जाणार? दोन घरं एका पेल्यानं बुडाली. माझं पोरगं वळणाचं निघालं म्हणून आम्हाला शिक्षा झाली.

आता सगळे एकच सांगताहेत, निवासगृहात टाका. तुमचं ते डोंगरातलं अजून आहे ना? विचारून ठेवा. मी हे रागानं लिहितेय की खरंच, माझं मलाच कळत नाही.

सुनिम

०

आंदोंग, २७ मे

सुनिमला आशीर्वाद.

महिनाभर उत्तर दिलं नाही. पर्सिमन आणि इस्त्री माझी होती, ते मला ठाऊक आहे.

तू विचारून ठेवा म्हणालीस, म्हणून मी निवासगृह बघायला गेले. संचालकांनी मोठ्या अगत्यानं फिरवलं. फरशी इतकी चकचकीत की घसरायला झालं. मधल्या दालनात वीस-पंचवीस बापये टीव्हीसमोर बसले होते, सगळ्यांना एकाच रंगाचे ट्रॅकसूट, सगळ्यांचे केस एकाच मशीननं कापलेले. एकाजवळ मी वाकले आणि त्याला नाव विचारलं. संचालकांनी सांगितलं. मी त्याला विचारलं, जेवलास का? संचालक म्हणाले, जेवलाय. मी म्हणाले, मी यांना विचारतेय. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, इथे कुणी विचारत नाही, त्यामुळे यांना सवय नाही."

मी चहा न घेता निघाले. हानसोल तिथे जाणार नाही. हा विषय मी बंद केलाय आणि तूही पुन्हा काढू नकोस.

मग मी जुन्या कचेरीत गेले. फेरविचाराचा अर्ज करता येतो, दुसरी तपासणी होते. अर्ज मी लिहीन, ते मला येतं. तपासणीच्या दिवशी मी तिथे असेन. फळं नाहीत, इस्त्री नाही, हसायचं नाही. त्याला काय येत नाही तेवढंच सांगायचं. 'घालतो' म्हणायचंच नाही.

तिथे बसल्या बसल्या आणखी एक विचारलं. घरचं माणूस चालत नाही म्हणजे नेमकं कोण? तिथला कारकून मुलगा नियमाचं पान काढून वाचायला लागला, आईबाप, आजीआजोबा, भावंडं. मी विचारलं, आत्या? त्यानं पान वरखाली केलं आणि म्हणाला, "आत्या चालेल, आजी. शिक्षण घेतलं की तुम्हाला पगार मिळेल." सुनिम, मला हसावं की त्याच्या टेबलावर हात आपटावा कळेना. माझा भाचा सकाळी काय खातो तेसुद्धा मला सांगता येणार नाही. त्याला धुवायचं कसं, तो चिडतो तेव्हा धरायचं कुठे, यातलं मला काही येत नाही. आणि मी चालते. तू नाही चालत. या नियमाची बाजू घेऊन मी तुला पत्र लिहिलं होतं.

जोंगनान

०

बुचॉन, १० जून

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र हेसुकला वाचून दाखवलं. 'आत्या चालेल' ऐकून ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग दोघींना रडू आलं, ते लांबवत नाही. ती शाळेत कामाला लागली. आता ती संध्याकाळी येते, पगार नसलेल्या वेळात, आणि दिवसा मी हानसोलला घेऊन दाऊनकडे जाते. तो तिथे दारात उभा राहून हात कानांवर ठेवतो. दोघांनाही एकटीनं सांभाळायचं म्हणजे एकाकडे पाठ करावीच लागते. परवा दाऊनला ठसका लागला तेव्हा मी त्याला जिन्यावरून ओढून आणत होते. वाचली ती. पण हे असं चालू शकत नाही.

अर्ज करा. तुम्ही म्हणाल तसं सांगेन. एकच गोष्ट मला खुपतेय. मी इथल्या कचेरीत विचारलं, तपासणीच्या वेळी त्याला हेसुककडे ठेवलं तर चालेल का? नाही म्हणाले, तो समोर हवा. म्हणजे त्याला समोर बसवून, त्याच्या तोंडावर, त्याची एकेक घाण उकरून सांगायची. मोठ्या माणसाबद्दल असं बोलतात का कुणी? तुमच्या हाताखालच्या शिपायाला तरी तुम्ही असं बोलला असता का?

तुम्ही त्याच्या शेजारी बसाल ना? मला त्याच्याकडे बघून ते बोलता यायचं नाही.

सुनिम

०

आंदोंग, ५ जुलै

सुनिमला आशीर्वाद.

बसमध्ये पाय सुजले, बाकी सुखरूप पोचले.

तू चांगलं केलंस. हे मुद्दाम लिहितेय, कारण मी निघाले तेव्हा तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस. तू सगळं सांगितलंस आणि एकदाही अडखळली नाहीस. तो संडास केल्यावर हात कुठे पुसतो, अंथरूण कितीदा ओलं होतं, तो तुला कसा मारतो, बाजारात त्यानं पँट काढली तेव्हा लोक काय म्हणाले. त्या तपासनीस मुलीनं विचारलं, "म्हणजे याला स्वतःचं काहीच येत नाही?" आणि तू म्हणालीस, "काहीच येत नाही." मला वाटलं मी मध्ये बोलेन. पण मीच तुला नको म्हणून बजावलं होतं.

तुझी पाठ त्याच्याकडे होती म्हणून सांगते, त्याला काही कळलं नाही. तो माझ्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडवत बसला होता, शेवटपर्यंत. मान खाली होती, पण तशी ती नेहमीच असते. मनाला लावून घेऊ नकोस.

एक गोष्ट तुला माहीत नाही. ती मुलगी निघाली तेव्हा मी लिफ्टपर्यंत तिच्याबरोबर गेले. तिला म्हटलं, "तुमच्या आईला असेच प्रश्न कुणी विचारतील तेव्हा तुम्ही शेजारी बसा आणि ऐका." ती म्हणाली, "आजी, प्रश्न मी नाही बनवले." खरं होतं तिचं. मीही चाळीस वर्षं हेच उत्तर देत आले. तिच्यावर ओरडले, आणि लिफ्ट खाली गेल्यावर तिथेच उभी राहिले. प्रश्न ज्यांनी बनवले त्यांना मी लिहिणार आहे. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

निकाल आला की लगेच कळव.

जोंगनान

०

बुचॉन, २१ ऑगस्ट

वन्संना नमस्कार.

निकाल आला. सगळे तास परत मिळाले, होते त्याहून थोडे जास्तच. हेसुकनं शाळेचं काम सोडलं. सोमवारपासून पुन्हा झेब्रा क्रॉसिंगवर आमची गाठ पडते. दाऊन मला बघून हसली. हानसोल कुठे जाणार नाही. तुमचा अर्ज होता म्हणून झालं, हे मी सगळ्यांना सांगते आणि मरेपर्यंत सांगेन.

चौकीदारानंसुद्धा अभिनंदन केलं. अभिनंदन कशाचं, तर माझं पोरगं बिनकामाचं आहे हे सरकारला पटलं याचं.

तुम्ही लिहिलंत, त्याला काही कळलं नाही. तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत ते मला कळतं. पण आता हे तुम्हालाच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

दाराची घंटा वाजली की तो आता उठतो आणि न्हाणीघरात जातो. हेसुक असो, कुरिअर असो, गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस असो. आमच्या न्हाणीघराचं दार आजवर कधी बंद झालेलं नाही, मीच होऊ दिलं नाही, आत पडला-बिडला तर म्हणून. त्याला कडी म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. पहिल्यांदा ती लागल्याचा आवाज आला तेव्हा मी हातातलं ताट ठेवून धावले. दार वाजवलं, हाका मारल्या, शिव्या दिल्या, गाणी म्हटली. फटीतून बघितलं तर भिंतीला टेकून खाली बसला होता, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, अगदी स्वच्छ. पाहुणा गेला की तो कडी काढतो आणि बाहेर येतो. हेसुक दिवसभर असते, तेव्हा ती दाराबाहेर फरशीवर बसून राहते आणि तिचे तास तसेच जातात.

त्याला हे कुणी शिकवलं नाही. बटणांना चार वर्षं लागली, हे तो एका दुपारी शिकला. मी म्हणाले ना, काहीच येत नाही, ते त्यानं ऐकलं, आणि पुन्हा कुणासमोर यायचं नाही असं ठरवलं. एवढं ज्याला कळतं त्याला मी काही कळत नाही म्हणून विकलं. मला विकायला लावलं. आणि त्यांनी मला पावती दिली.

प्रश्न बनवणाऱ्यांना तुम्ही लिहिणार होतात. लिहा, खरमरीत लिहा, पण हे मात्र त्यात घालू नका. त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न आहेच, न्हाणीघरात एकटा जातो का, दार स्वतः लावतो का. त्यांना कळलं तर म्हणतील, बघा, पोरगा सुधारला. आणि पुन्हा तास कापतील.

सुनिम